लासूरची गाडी विचारणारं भूत

औरंगाबादच्या वसतिगृहात ज्यानं मला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली, त्याला मी शिवी हासडली होती. तो माझ्या खोलीतला सोबती, जालन्याकडचा, थापा मारण्यात पटाईत. हर्सूलच्या रस्त्यावर एक जुनं कब्रस्तान आहे, म्हणाला. तिथं दिवेलागणीला भिंतीशी एक माणूस उभा राहतो. अंगात काळी शेरवानी, डोक्यावर रूमी टोपी. कुणाला अडवत नाही, भेडसावत नाही. फक्त विचारतो, 'लासूरची गाडी गेली का?' गेली म्हणालात तर रडतो, नाही म्हणालात तर तुमच्या मागोमाग स्टेशनापर्यंत येतो.

"तुझ्याच गावचं दिसतंय भूत," तो म्हणाला. "लासूरवाले मेल्यावर पण गाडी चुकवतात."

खोलीतले सगळे हसले. हसण्यासारखं होतंच. मी मात्र त्याला शिवी दिली आणि कंदिलाकडे पाठ करून पडून राहिलो. मला भीती वाटली नव्हती आणि वाईटही वाटलं नव्हतं. मला नुसता कंटाळा आला होता. शेरवानी, रूमी टोपी आणि लासूर हे तीन शब्द मी जन्मापासून ऐकत आलो होतो आणि ते एका दमात कुणी म्हटले की तो माणूस माझ्या वडिलांबद्दल बोलतो आहे असं मी धरूनच चालायचो.

माझे वडील पोलीस ॲक्शनच्या दिवसांत घरातून गेले ते परत आले नाहीत. मी जेमतेम चालत-बोलत होतो, बहीण आईच्या पोटात होती. आमची जमीन लासूर स्टेशनाजवळ. निजामाच्या राज्यात कचेरीत ऊठबस असलेला वतनदार हिंदू असो की मुसलमान, घालायचा तो शेरवानी आणि रूमी टोपीच. वडीलही घालायचे. आईचा भाऊ, म्हणजे माझा मामा, त्या वर्षी सत्याग्रहात पकडला गेला होता आणि हर्सूलच्या जेलात होता. तो आजारी आहे असं कुठून तरी कळलं आणि आईनं वडिलांच्या मागं धोशा लावला, की तुमची जेलावर ओळख आहे, एकदा जाऊन या. ते सकाळच्या गाडीनं औरंगाबादला गेले. संध्याकाळच्या गाडीनं येतो म्हणाले. मग गाड्याच बंद झाल्या. मनमाडच्या बाजूनं फौज आली, राज्य गेलं, आणि महिन्याभरानं मामा सुटून आमच्या दारात उभा राहिला.

आईनं त्याला आधी पाणी दिलं की आधी विचारलं, हे मला माहीत नाही. मामाचं उत्तर मात्र अख्ख्या गावाला माहीत होतं. तो म्हणाला, "दाजी? नाय बा. मला भेटायला कुणीच आलं नाय."

तिथून पुढं सगळं बिघडलं. जेलात गेलाच नाही, तर गेला कुठं? कुणी म्हणालं हैदराबादेत दिसला. कुणी छातीठोक सांगितलं, की निजामाच्या माणसांबरोबर कराचीला गेला, तिथं दुसरी बायको केली. त्याची ऊठबस कुणाशी होती ते बघा, पोशाख बघा, असंही लोक म्हणायचे. तसला पोशाख त्यातल्या निम्म्यांच्या स्वतःच्या घरात खुंटीला होता, पण तो त्यांनी रातोरात काढून ठेवला होता. माझ्या काकांनी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावानं, या सगळ्यावर एक शब्द शोधून काढला. कुणी विचारलं की ते म्हणायचे, "परागंदा." तो शब्द ते इतक्या शांतपणे उच्चारायचे, की ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचत नसे. लहान असताना मला वाटायचं, परागंदा हे एखाद्या गावाचं नाव असेल.

आईचं काय करायचं, हे मात्र त्या शब्दानं सुटलं नाही. ती कुंकू लावायची, हिरव्या बांगड्या घालायची, कारण नवरा मेल्याची खबर नव्हती. पण सवाष्ण म्हणून तिला जेवायला बोलवायला बायका कचरायच्या. हळदीकुंकवाला बोलवायच्या, आणि तिच्या कपाळाला बोट लावताना तिच्या डोळ्यांकडे बघायच्या नाहीत. ओटी भरायची वेळ आली की तिच्या आधीच्या बाईशी थांबायच्या आणि मग काहीतरी आठवल्यासारखं करून आत जायच्या. बारा वर्षं झाल्यावर काकांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा घाट घातला, म्हणजे एकदाचं काय ते होऊन जाईल. आई नको म्हणाली. लोकांना वाटलं, ती अजून वाट बघते आहे. तिला वाट बिट काही बघायची नव्हती. ती एकदा मला म्हणाली होती, "पुतळा जाळला तर ते मेले असं व्हईल. मेले नसले तर? मला सोडून गेले असले तर मी त्यांचं सुतक का धरावं?"

हे ती कसलाही सूर न लावता म्हणाली. आमच्या घरात या विषयावर कुणी रडत नसे. रडायचं कशावर, हेच ठरलेलं नव्हतं. मला तर वडिलांचा चेहराही आठवत नाही. मी बधिर होतो म्हणा ना. एखादा दात खूप दिवस दुखून मग नुसता तोंडात असतो, तसा हा विषय माझ्यात होता.

भुताची गोष्ट ऐकली त्या वर्षी बहिणीचं लग्न ठरलं होतं. दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न उरकलं की लगेच. मुलाकडच्यांना काकांनी परागंदा हा शब्द वापरूनच सांगितलं होतं आणि त्यांनीही फार चौकशी न करता होकार दिला होता. कन्यादान काका-काकू करणार होते. आई सवाष्ण म्हणून पुढं वावरणार होती, निदान हिरव्या बांगड्या घालून मांडवात उभी राहणार होती.

तर ती गोष्ट. मी तिचा नाद सोडला असता, पण पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट मला औरंगपुऱ्यातल्या पानवाल्यानं सांगितली. त्याच्या गोष्टीतलं भूत जालन्याची गाडी विचारत होतं. मला हायसं वाटलं. म्हणजे सोबत्यानं मला चिडवायला लासूर घुसडलं होतं. मी मुद्दाम आणखी दोघा-तिघांना विचारलं. कॉलेजातल्या एका शिपायानं मनमाडची गाडी सांगितली. एका मास्तरांनी शेरवानी काढून भुताला धोतर नेसवलं आणि त्याला तंबाखू मागायला लावली. पैठणकडच्या एकाच्या भुतानं तर पैठणच्या मोटारीची चौकशी केली, जिचा आणि त्या भुताच्या पोशाखाचा काही मेळ बसत नव्हता. ज्याला-त्याला आपल्या गावचं भूत हवं होतं. स्वतः पाहिलंय असं म्हणणारा एकही भेटला नाही. सगळ्यांच्या चुलत्यानं, नाहीतर मेव्हण्याच्या मित्रानं पाहिलं होतं.

इथंच थांबायला हवं होतं. पण मला एक खोड आहे, कुणी थाप मारली की ती कुठून निघाली ते शोधून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. भाड्यानं सायकल घेतली आणि एका सुट्टीच्या दुपारी हर्सूलच्या रस्त्याला लागलो. वाटेत थांबत, विचारत. दिल्ली दरवाजाजवळ पंक्चर काढणाऱ्यानं भुताला लासूरची गाडी विचारायला लावली. मी त्याला म्हटलं, "जालन्याची असं ऐकलंय मी." तो म्हणाला, "जालन्याची कशाला? लासूरचीच." त्याच्या पुढं हर्सूलहून भाजी आणणारा एक बैलगाडीवाला भेटला. तोही लासूर म्हणाला. त्याचा बाप टांगा हाकायचा, त्यानं टांग्याच्या अड्ड्यावर ऐकलेलं. कब्रस्तानाच्या अलीकडच्या चहावाल्याकडे तर भुताचं ना रडणं होतं, ना मागं येणं. नुसता प्रश्न होता. जसजसा मी त्या भिंतीच्या जवळ गेलो, तसतशी गोष्ट लहान होत गेली आणि लासूर पक्कं होत गेलं.

चहा अर्धा टाकून मी उठलो. मला आठवतं, मी त्या वेळी सायकलच्या भाड्याचा विचार करत होतो. अशा वेळी माणसाच्या मनात काहीतरी मोठं येत असेल असं वाटतं, पण माझ्या नाही आलं.

कब्रस्तानाच्या फाटकाशी एक बैठं घर होतं. कब्रस्तान राखणाऱ्या फकिराचं घराणं तिथंच राहायचं. ओसरीवर एक म्हातारी गोधडी शिवत बसली होती. मी सायकल भिंतीला लावली आणि म्हटलं, "अम्मा, वो गाडी पूछनेवाले भूत की बात सुनी. सच है क्या?"

तिनं सुई थांबवली नाही. "पोट्टे आते, पूछते, डर के भाग जाते. तुम कहाँ के?"

"लासूर का."

सुई थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लई देर लगाए बेटा."

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. ती दखनीत बोलत होती, मधेमधे मराठीत शिरत होती. जे बोलली ते मी इथं बऱ्याच अंशी माझ्या शब्दांत लिहितो, कारण तिचे सगळे शब्द मला लक्षात नाहीत, आणि जे आहेत ते पुसता येत नाहीत.

फौज येण्याच्या आसपासचे दिवस होते. तिचा नवरा सकाळी फाटक उघडायला गेला तर बाहेर भिंतीला टेकून एक माणूस बसलेला. शेरवानी चिखलानं भरलेली, दाढी वाढलेली, अंग तापानं भाजत होतं. त्या दिवसांत खेड्यापाड्यांतून घाबरून शहरात आलेली कितीतरी मुसलमान माणसं रस्त्याकडेला बसलेली असायची. हा त्यातलाच, असं दोघांनी धरलं. उचलून ओसरीवर आणलं. बरळत होता तो मराठीत, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

"देहात के हमारे लोगाँ भी मराठीच बोलते," म्हातारी म्हणाली. "शक कायकू आता?"

पेज पाजली, कपाळावर ओली फडकी ठेवली. नाव विचारलं तर सांगता येत नव्हतं. एवढं मात्र तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. ते तिनं मला मराठीतच म्हणून दाखवलं, त्याच्या आवाजात म्हणावं तसं, हळू. "जेलवाल्यानं आत सोडलं नाय. मेव्हण्याला भेटू देईना. घरी काय सांगू?" आणि मग दिवसभर, "लासूरची गाडी गेली का?"

गाड्या बंद होत्या. नवरा-बायको त्याला सांगायचे, अजून टाइम आहे, जरा पडा, गाडी आली की उठवतो. तो पडायचा. थोड्या वेळानं पुन्हा विचारायचा. असे काही दिवस गेले आणि एका सकाळी त्यानं विचारलं नाही.

अंघोळ घालायला तिचा नवरा आत गेला आणि लगेच बाहेर आला. म्हणाला, हा आपल्यातला नाही. हा हिंदू आहे.

ती गोधडीवर हात फिरवत राहिली. बाहेर फौज होती, रस्त्यावर चौक्या होत्या. फकिराच्या घरात हिंदू मेलेला सापडला, तर तापानं मेला हे कुणी ऐकलं असतं? आणि कुणाला जाऊन सांगायचं, नावही माहीत नसताना? तिच्या नवऱ्यानं त्याला अंघोळ घातली, कफन दिलं, आणि दुपारच्या सामसुमीत पार आतल्या कोपऱ्यात, सीताफळीच्या झाडाशी पुरलं. काय पढला, पढला की नाही, ते तिनं विचारलं नाही.

"आणि ही भुताची गोष्ट?"

"वो मियाँ की." म्हणजे तिच्या नवऱ्याची. त्याला वाटलं, लासूरला याचं कुणीतरी असेल. आपण जाऊन सांगू शकत नाही, तोंडातून शब्द काढला तर गळ्याशी येईल. पण भुताच्या गोष्टीला चौकीवर कुणी अडवत नाही. त्यानं ती टांगेवाल्यांच्या कानात घातली, कारण टांगेवाले स्टेशनावर जातात आणि स्टेशनावर लासूरची माणसं उतरतात. 'शेरवानीवाला एक माणूस कब्रस्तानात लासूरची गाडी विचारतो,' एवढीच गोष्ट. ज्याचा माणूस हरवला असेल त्याला कळेल. आणि भुताच्या भीतीनं त्या कोपऱ्यात दुसरी कबर कुणी खणणार नाही, म्हणजे कुणी आलंच तर त्याची जागा तशीच सापडेल. पुढं सगळं निवळलं तेव्हा तो स्वतः लासूरला जायचं म्हणत होता. पण जाऊन काय सांगायचं, तुमचा माणूस आम्ही पुरला म्हणून? त्या विचारातच तो वारला.

"रोना-बिना लोगाँ लगाए," ती म्हणाली. "वो रोए नहीं कभी."

तिनं मला कोपऱ्यात नेलं. मातीचा उंचवटा, कडेनं दगड, वर झाडलेलं. दर शुक्रवारी इतर कबरींबरोबर तीही झाडून घ्यायची. मी समोर उभा राहिलो. हात जोडायचे की तळवे उघडे धरायचे, मला कळेना. शेवटी खिशात घातले. तिनं झाडाचं एक पिकलेलं सीताफळ तोडून माझ्या हातात दिलं आणि मी ते तिथंच उभ्या उभ्या खाल्लं. गोड होतं. वडिलांच्या कबरीपुढं मी उभा आहे आणि मला सीताफळाची गोडी कळते आहे, बाकी काही नाही, याचा मला भयंकर राग आला. एवढा एकच राग त्या दिवसात मला आला.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो. लासूर स्टेशनावर उतरलो तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की हे ते उतरण्याचं ठिकाण, जिथं ते उतरले नाहीत. मग तोही विचार विझला.

आई सोप्यात बसून गव्हले वळत होती. रुखवतासाठी गव्हाच्या पिठाचे ते तांदळाएवढे दाणे बोटांत वळायचे असतात, आणि ते काम सवाष्णींचं. समोर बहीण बसली होती. बहिणीला बाहेर जा म्हणावं असं आधी वाटलं, पण तिचाही तो बाप होता. मी सगळं सांगितलं, काही न गाळता. भुताची गोष्ट सांगितली तेव्हा आईची बोटं चालू होती. जेलच्या फाटकावरून त्यांना परत पाठवलं हे सांगितलं तेव्हाही चालू होती. त्यांनी काय विचारलं ते मी सांगितलं आणि बोटं थांबली.

"कंची गाडी?"

"लासूरची."

"हैदराबादची नाय?"

"नाही आई. लासूरची."

बाहेर कुणीतरी बैलांना हाक देत गेलं. मग ती म्हणाली, "म्हंजे येत व्हते."

हातातलं पीठ तिनं झटकलं. गव्हल्यांचं ताट बहिणीच्या पुढं सरकवलं आणि म्हणाली, "आता हे तू कर. माझा हात नको लावायला." बहिणीला काही कळायच्या आत तिनं पदराचं टोक कपाळावर फिरवलं. कुंकू पसरलं, तिनं ते पुन्हा पुसलं, नीट, भांडं पुसावं तसं. बांगड्या तिनं फोडल्या नाहीत. एकेक करून काढल्या आणि कोनाड्यात ठेवल्या. बहीण रडू लागली. आई तिला म्हणाली, "रडू नको. बाप पळाला नव्हता तुझा." हे म्हणतानाही तिचा आवाज हलला नाही. फक्त ती उठून उभी राहिली आणि मला दिसलं, की इतकी वर्षं ती घरात जरा वाकून चालायची.

काका आले ते थेट भडकूनच. आईचं कपाळ बघून त्यांनी आधी मलाच झोडपलं. "अक्कल गहाण टाकली का रे? कुणा म्हातारीच्या गोष्टीवर वहिनीचं कुंकू पुसलं? लग्न तोंडावर आलंय." मग ते आईकडे वळले, आवाज खाली आणला. मुलाकडचे काय म्हणतील, मांडवात पोरीच्या हळदीला पुढं उभं राहायचं भाग्य हातानं घालवलं, हे सगळं बोलून शेवटी म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं थांबलात. लग्नापुरतं थांबा. पोरगी वाटेला लागली की मग काय ते जाहीर करू. पुतळा करू, रीतसर जाळू."

"पुतळा कशाला?" आई म्हणाली. "त्या लोकांनी माती दिलीया त्यांना. परत कशाला जाळायचं?"

"निदान लग्नापुरतं—"

"इतकी वर्षं तुमी त्यांना परागंदा म्हणला, भावजी. मी बी म्हणू दिलं, मला दुसरं कायच ठावं नव्हतं. आता एक दिस नाय."

काका खाली बसले. डोक्यावरचा फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. ते रडले की नाही सांगता येत नाही, तोंड फेट्यात होतं. मला त्यांची कीव आली. तो शब्द त्यांनी भावाला बदनाम करायला नव्हता शोधला, घराला झाकायला शोधला होता.

मामाला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "फाटकापर्यंत आले व्हते दाजी. मी आत व्हतो अन् ते फाटकावर." दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला, आईच्या पायाशी बसला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

भटजींनी ऐकल्यापासून दहा दिवसांचं सुतक सांगितलं आणि मरण जुनं म्हणून लग्नाला वर्षाचा अडसर नाही असा निर्वाळा दिला. मुलाकडे काका गेले आणि खरं काय ते सांगून आले. ते लोक भले होते म्हणा, किंवा त्यांनाही परागंदापेक्षा मयत बरा वाटला म्हणा, लग्न मोडलं नाही. सुतक फिटल्यावर आईनं एक लुगडं माझ्याजवळ दिलं, त्या म्हातारीला पोचवायला. स्वतः कबरीवर चल म्हटलं तर म्हणाली, "जाईन कधीतरी. आता घाई काय हाय?"

लग्नात ती पुढं आली नाही. हळद काकूंनी लावली, ओटी काकूंनी भरली. आई आतल्या खोलीच्या दाराआड उभी होती, पांढऱ्या कपाळानं, साध्या लुगड्यात. तिच्या पोटच्या पोरीवर अक्षता पडत होत्या आणि तिला दाराच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढं दिसत होतं. मला ते बघवत नव्हतं. मी पंगतीत वाढायचं सोडून मधेमधे तिच्याकडे जात होतो, काही हवं का विचारत होतो. ती नको म्हणायची.

असाच एकदा गेलो तर मुलाकडची एक वयस्क बाई दाराशी टेकली होती. पाय दुखत होते म्हणून आत आली असावी. तिला आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. आईला तिनं सहज विचारलं, "पोरीचे वडील कुठं हाईत?"

मी पुढं झालो, उत्तर द्यायला. माझ्या जिभेवर काकांचाच शब्द आला होता, सवयीनं. पण आईनं मला हातानं मागं सारलं.

"वारले," ती म्हणाली. "माझ्या भावाला बघाया हर्सूलला गेले व्हते. घरी येताना वारले."

ती बाई हळहळली. आईनं तिला बसायला पाट दिला आणि वाक्य पुन्हा एकदा म्हणाली, त्या बाईनं न विचारता, या वेळी जरा मोठ्यानं. "घरी येताना वारले."